फोटो काढताना झकास, पोस्ट केल्यावर भकास! मूळ क्वालिटी टिकवायची कशी?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांना सेटिंग्जची नावं समोर ठेवून मोबाइलमध्ये एकेक बदल करायचाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला. "ताई, गॅलरीत फोटो एकदम कडक दिसतो, पण स्टेटसला टाकला की धुरकट होतो. रील तर विचारूच नका. फोन बदलू का?"

थांबा! फोन बदलण्याआधी माझ्या घरातली एक गोष्ट ऐका.

आजीचा फोटो

माझ्या मामेबहिणीच्या हळदीला आमच्या दादाने एक ग्रुप फोटो काढला होता. बारा-तेरा माणसं, मधोमध आजी. कपाळावरचं गोंदण, नाकात नथ आणि कशावर तरी खळखळून हसतेय. आजी कॅमेऱ्यासमोर कधी हसायचीच नाही, त्यामुळे तो फोटो सगळ्यांचा लाडका. दादाने फॅमिली ग्रुपवर टाकला, मावशीने स्टेटसला ठेवला, मी त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढला आणि त्यावर एक छान फिल्टर मारून स्टोरी टाकली.

दोन वर्षांनी आजी गेली. भिंतीवर लावायला हाच फोटो हवा, असं सगळ्यांचं ठरलं. मी कराडच्या एका फोटो स्टुडिओत गेले. काकांनी फाइल उघडली, झूम केली आणि विचारलं, "ताई, ओरिजिनल आहे का?"

ओरिजिनल दादाच्या जुन्या फोनमध्ये होता. तो फोन एक्स्चेंजमध्ये कधीच गेला होता आणि बॅकअप घेतलेला नव्हता. चूक कुणा एकाची नाही, आम्हा सगळ्यांचीच. फोटो ग्रुपवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

तर आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. पोस्ट केलेला फोटो ही फक्त झेरॉक्स असते. ओरिजिनल जपा, आणि प्रत्येक वेळी झेरॉक्स ओरिजिनलवरूनच काढा. बाकी सगळ्या टिप्स यातूनच निघतात.

मुळात फोटो बिघडतो का?

आधी कॉम्प्रेशनवरचा राग काढून टाकूया, कारण ते नसतं तर आपलं काही चाललंच नसतं. साधा हिशोब करा. १९२० बाय १०८० चा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट. एका मिनिटाचे होतात साधारण ११ जीबी! तुमचा फोन तोच एक मिनिट शंभर-सव्वाशे एमबीत किंवा त्याहून कमी जागेत बसवतो. म्हणजे गॅलरीत दिसणारा व्हिडिओसुद्धा आधीच एकदा दाबलेला असतो.

फोटोचंही तसंच. आपण ज्याला जेपीजी म्हणतो ते स्टँडर्ड १९९२ चं. त्यामागचं गणित मांडण्यात एका भारतीय वंशाच्या माणसाचा मोठा वाटा आहे. बंगळुरूमध्ये जन्मलेले नासिर अहमद. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं आहे.

फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात ठळक काय आणि बारीक काय, हे वेगळं करायचं. आपल्या डोळ्यांना ठळक बदल पटकन दिसतात, अगदी बारीक तपशील तितके जाणवत नाहीत. म्हणून बारीक तपशीलाचे आकडे ढोबळ करून टाकायचे. फाइल लहान झाली, डोळ्यांना फारसं कळलं नाही. काम फत्ते.

गडबड होते ती पुन्हा पुन्हा दाबल्यावर. ढोबळ केलेलं परत नेमकं करता येत नाही. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढा, तिसऱ्या-चौथ्या खेपेला शिक्क्याचा नुसता काळा डाग उरतो. इथेही सगळ्यात आधी जातं ते बारीक काम. पैठणीची जर, केसांच्या बटा, गोंदणाचे ठिपके.

याशिवाय ॲप फोटोचं मापही कमी करतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, एक कोटी वीस लाख पिक्सेल. तोच इन्स्टाग्रामवर उभा ३:४ मध्ये गेला की उरतो १०८० बाय १४४०, म्हणजे साडेपंधरा लाख. साधारण आठातला एक हिस्सा. मोबाइलच्या स्क्रीनवर तेवढा पुरतो, पण भिंतीवरच्या फ्रेमला पुरत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवताना

इथे तीन रस्ते आहेत, आणि तिघांचं काम वेगळं आहे.

पहिला, नेहमीसारखा फोटो पाठवणं. पटकन जातो, डेटा कमी लागतो. "पोचलो गं" सांगायला हा रस्ता उत्तम.

दुसरा, एचडी. पाठवण्याआधी वर 'एचडी' लिहिलेलं बटण दिसतं, ते दाबायचं. ही सोय २०२३ मध्ये आली. दरवेळी दाबायचा कंटाळा असेल तर सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मीडिया अपलोड क्वालिटी' मध्ये जाऊन एचडी निवडून ठेवा. पण लक्षात घ्या, एचडी म्हणजे ओरिजिनल नव्हे. फोटो दाबला जातोच, फक्त कमी.

तिसरा रस्ता म्हणजे डॉक्युमेंट. पिनच्या चिन्हावर जाऊन 'गॅलरी' ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा आणि फोटो तिथून जोडा. फाइल जशीच्या तशी जाते. २ जीबीपर्यंतची फाइल चालते. लग्नाचे फोटो, प्रिंट काढायचे फोटो, एडिटिंगला द्यायचे व्हिडिओ नेहमी याच रस्त्याने.

एक सावधगिरी मात्र हवी. ओरिजिनल फाइलसोबत फोटो कधी काढला, कोणत्या फोनने काढला आणि लोकेशन चालू असेल तर नेमका कुठे काढला, ही माहितीसुद्धा जाते. घरच्यांना पाठवताना हरकत नाही. अनोळखी माणसाला, किंवा ऑनलाइन वस्तू विकताना घरातला फोटो पाठवायचा असेल, तर आधी लोकेशन काढून टाका.

आणि माणूस समोरच बसलेला असेल तर इंटरनेट कशाला? अँड्रॉइडवर क्विक शेअर, आयफोनवर एअरड्रॉप. दोन्हींत फाइल दाबली जात नाही.

इन्स्टाग्रामला टाकताना

इन्स्टाचा नियम सरळ आहे. फोटोची रुंदी ३२० ते १०८० पिक्सेल आणि आकार १.९१:१ ते ३:४ च्या मध्ये असेल, तर रिझोल्यूशन आहे तेच राहतं. त्याहून मोठा असेल तर ते स्वतः १०८० वर आणतं. म्हणून मी काय करते? एडिटिंग ॲपमध्ये फोटो आधीच १०८० रुंदीचा करून घेते. कापाकापी माझ्या हातात राहते.

मग सेटिंग्जमध्ये 'मीडिया क्वालिटी' शोधा आणि 'अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी' चालू करा. अपडेटनुसार या पर्यायाची जागा बदलत असते. दिसला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये 'क्वालिटी' टाइप करा. डेटा सेव्हर चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर दुसऱ्यांच्या चांगल्या पोस्टही तुम्हाला धुरकट दिसतील आणि तुम्ही उगाच स्वतःच्या फोनला दोष द्याल.

फोटो-व्हिडिओ फोनच्या मूळ कॅमेऱ्यातूनच काढा आणि नंतर ॲपमध्ये घ्या. ॲपच्या आतला कॅमेरा सोयीचा असतो, पण फोनच्या कॅमेऱ्याची सगळी ताकद त्याला वापरता येईलच असं नाही. शिवाय ओरिजिनल गॅलरीत राहतो, हा खरा फायदा.

रील का फाटते? गुलालाचं गणित

आता ढोल-ताशावाल्यांनी कान द्या! मिरवणुकीची रील सगळ्यात वाईट का दिसते, माहितीये?

व्हिडिओमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्यांमध्ये फक्त बदल काय झाला तेवढाच. खुर्चीत बसून कुणी बोलत असेल तर मागची भिंत तीच, फक्त ओठ आणि हात हलतात. स्वस्तात काम होतं. पण पथकात काय असतं? टिपरू हलतंय, ध्वज नाचतोय, गुलालाचा एकेक कण उडतोय आणि तुम्हीही मोबाइल धरून नाचताय! म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल बदलतोय. ॲपने सेकंदाला जेवढा डेटा ठरवून दिलाय तो पुरत नाही, मग चौकोन चौकोन दिसायला लागतात. पावसाचंही असंच. रात्रीचंही असंच, कारण अंधारात कॅमेरा जे दाणे-दाणे आणतो, ते प्रत्येक फ्रेमला वेगळे असतात आणि तोही 'बदल'च धरला जातो.

यावर उपाय फोनमध्ये कमी आणि तुमच्या हातात जास्त आहेत.

- लेन्स पुसा. हसू नका, निम्मा धुरकटपणा बोटांच्या तेलाचा असतो.
- मोबाइल स्थिर धरा. खांबाला टेका, दोन्ही हातांनी धरा. नाचायचं असेल तर मोबाइल मित्राकडे द्या.
- बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.
- उजेड असेल तिथे उभे राहा.
- रीलसाठी १०८० बाय १९२० आणि ३० फ्रेम पुरेसे आहेत. फोर-के मध्ये काढलंत तर छानच, तो तुमचा ओरिजिनल. पण एक्सपोर्ट करताना १०८० वर आणा.
- एक्सपोर्टला बिटरेट विचारला तर? यूट्यूब १०८० च्या व्हिडिओसाठी ३० फ्रेमला ८ एमबीपीएस आणि ६० फ्रेमला १२ एमबीपीएस सुचवतं. मी रीललाही त्याच आसपास किंवा थोडा वर ठेवते.
- एडिट एकदाच, एक्सपोर्ट एकदाच. एका ॲपमध्ये कापा, दुसऱ्यात गाणं, तिसऱ्यात सबटायटल, असं केलं की तीनदा झेरॉक्स झाली.
- आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल आणि रीलचे रंग फिके किंवा भगभगीत दिसत असतील, तर कॅमेरा सेटिंग्जमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगखालचं एचडीआर बंद करून बघा.

आणि सगळं करूनही जुनी रील धुरकट दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२४ मध्ये स्वतः सांगितलंय की, फारसा बघितला न जाणारा व्हिडिओ ते कमी क्वालिटीत दाखवतात आणि पुन्हा खूप बघितला जाऊ लागला तर वरच्या क्वालिटीत आणतात. म्हणजे तिथे ठेवलेला व्हिडिओ तुमच्या मर्जीने राहत नाही. तिजोरी वेगळी हवी.

तिजोरी कशी करायची?

आधी तुमच्याकडचा फोटो ओरिजिनल आहे का ते ओळखा. फोटोच्या माहितीत जा. साइज दोनशे-तीनशे केबी असेल तर बहुतेक झेरॉक्स, तीन-चार एमबी असेल तर ओरिजिनल असण्याची शक्यता जास्त. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' आणि पुढे आकडे असतील तर तो व्हॉट्सॲपवरून आलेला.

मग बॅकअप. गुगल फोटोज वापरत असाल तर बॅकअप क्वालिटी बघून घ्या. 'स्टोरेज सेव्हर' मध्ये फोटो दाबले जातात, 'ओरिजिनल क्वालिटी' मध्ये नाही. फुकट जागा १५ जीबीच आहे आणि ती जीमेलसोबत वाटून घ्यावी लागते. म्हणून सगळं ओरिजिनल ठेवायची गरज नाही. चहाच्या कपाचे चाळीस फोटो उडवा. माणसांचे ठेवा. आणि एक कॉपी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर असू द्या.

फोन विकताना, बदलताना, रिपेअरला देताना आधी हे काम. नंतर नाही.

मग आजीच्या फोटोचं काय झालं?

स्टुडिओतल्या काकांनी प्रयत्न केला. एआयने फोटो मोठा केला. चेहरा एकदम स्वच्छ आला, त्वचा गुळगुळीत, डोळे चमकदार. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही आपली आजी नाही." गोंदण गेलं होतं. कॉम्प्युटरला ते ठिपके खराबी वाटली आणि त्याने पुसून टाकले. जे फाइलमध्ये नाही ते एआय परत आणत नाही, अंदाजाने नवीन काढतो.

शेवटी काका म्हणाले, "ताई, मोठी फ्रेम करूच नका. आहे तो फोटो लहान छापू." आमच्या फाइलमध्ये आजीचा चेहरा शंभर पिक्सेलही रुंद नव्हता. मग आम्ही चेहरा कापून मोठा करायचा नाद सोडला आणि पूर्ण ग्रुप फोटोच ४ बाय ६ मध्ये छापला. तळहाताएवढा. भिंतीवर नाही, देवघराशेजारच्या फळीवर आहे. जवळ जाऊन बघितलं की आजी हसताना दिसते. गोंदण मात्र तुम्हाला आठवावं लागतं.

तर आजचा गृहपाठ. हे वाचून झालं की घरातल्या एका मोठ्या माणसाचा आवडता फोटो शोधा. तो कुणी काढला होता, त्याला आत्ताच मेसेज करा, "ओरिजिनल डॉक्युमेंट करून पाठव ना." त्याने फोन बदलायच्या आत. बाकी सेटिंग्ज उद्या केल्या तरी चालतील.

भाग आवडला असेल तर त्या मित्राला नक्की पाठवा जो प्रत्येक स्टेटसचा स्क्रीनशॉट काढतो. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि लेन्स पुसत राहा!