विसार कोणत्या घराला मिळतो

पुण्याच्या कोथरूड भागात ऐंशीच्या दशकात सहकारी गृहरचना संस्थांच्या ज्या तीनमजली, लिफ्ट नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीत, एकाच जिन्यावर समोरासमोर असलेले, क्षेत्रफळाने समान आणि उजेडवाऱ्यानेही फारसे उणेअधिक नसलेले दोन फ्लॅट एकाच दसऱ्याच्या सुमारास विक्रीस निघाले. एकाचा विसार दिवाळीपूर्वीच स्वीकारला गेला. दुसऱ्याच्या दाराचे कुलूप पुढल्या दसऱ्यालाही कायम होते. दोन्ही व्यवहार एकाच मध्यस्थाकडे होते, आणि त्याच्या संमतीने ग्राहकांसमवेत ती घरे पाहण्याचा योग मला अनेकदा आला. त्या निरीक्षणातून माझी अशी खात्री झाली आहे की, घर पडून राहते ते बहुधा त्याच्या एखाद्या उणिवेमुळे नव्हे, तर ग्राहकाच्या मनात उद्भवलेल्या आणि कोणीही निरसन न केलेल्या संशयामुळे.

आयुष्याची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते ज्या वास्तूत गुंतवायचे, तिच्याकडे मनुष्य रसिकाच्या दृष्टीने पाहत नाही. एका तरुण दांपत्याबरोबर आलेल्या वृद्ध मातोश्री दिवाणखान्यात क्षणभरही न रेंगाळता थेट स्वयंपाकघरात गेल्या, त्यांनी नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, पाणी किती वाजता येते ते विचारले, आणि मग न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर तळहात टेकवून त्या काही वेळ उभ्या राहिल्या. पहिल्या घराच्या मालकांनी त्याच भिंतीतून पूर्वी ओल येत असे हे स्वतः होऊन सांगितले, आणि पाइप बदलल्याची पावती पुढे केली. विषय तेथेच मिटला. समोरच्या घरात मात्र सर्व भिंती जुन्या रंगाच्या असताना ही एकच नव्याने रंगवलेली होती. तिच्यावर ओलीचा डाग नव्हता, पण त्या मातोश्रींनी सुनेकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेतच त्या घराचा निकाल लागला. सांगितलेला दोष किमतीतून वजा होतो. झाकलेला दोष सापडला की घरातील प्रत्येक धड गोष्टही संशयास्पद ठरते.

भिंतींनंतर कागद. जुन्या फ्लॅटच्या खरेदीत बिल्डरने प्रथम केलेल्या नोंदणीकृत करारनाम्यापासून आजच्या मालकापर्यंत हस्तांतरणाची साखळी अखंड असावी लागते, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील तिचा एकेक दुवा तपासतो: मूळ करारनामे, नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे भाग प्रमाणपत्र आणि त्याच्या पाठीमागील हस्तांतरणाच्या नोंदी. यांपैकी एखादा मूळ दस्त गहाळ झाला असेल, तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून सहीशिक्क्याची नक्कल, असा द्राविडी प्राणायाम ग्राहक मिळाल्यावर सुरू होतो, आणि तो संपेपर्यंत ग्राहक दुसरीकडे गेलेला असतो. इमारतीखालील जमिनीचाही प्रश्न असतो. १९६३ च्या कायद्याने ती रीतसर संस्थेच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक असूनही असंख्य संस्थांच्या जमिनी आजही मूळ मालकाच्याच नावे आहेत. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला असला, तरी ज्या संस्थेने तो अनुसरलेला नाही, तिच्यातील सदनिकेला पुनर्विकासाच्या आशेने येणारा ग्राहक सहसा हात लावीत नाही.

परंतु कागदांपेक्षाही दुस्तर अडथळा माणसांचा. बंद राहिलेला तो फ्लॅट दिवंगत वडिलांच्या नावे होता, संस्थेच्या दफ्तरी नामनिर्देशन थोरल्या चिरंजीवांचे होते, आणि तेवढ्यावरून आपण मालक झालो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने विश्वस्तासारखी असते. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखाच. मध्यस्थाने त्यांना पहिल्याच भेटीत विचारले होते, “काका, भावाचं आपण नंतर बोलू, ताईंची सही मिळणार आहे ना, तेवढं आधी सांगा.” ताईंना कोणी विचारलेच नव्हते. धाकटे बंधू अमेरिकेत. त्यांच्याकडून रीतसर साक्षांकित कुलमुखत्यारपत्र यावे लागणार, आणि ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागणार. हक्कसोडपत्र की विक्रीतील हिस्सा, एवढा एक प्रश्न भावंडांनी एकत्र बसून सोडवला नाही, म्हणून ग्राहक येत राहिले आणि परत जात राहिले.

किमतीचे दुखणे याच संशयाचे दुसरे रूप होय. शेजाऱ्याने किती मागितले ते सर्वांच्या कानी येते, परंतु त्याला प्रत्यक्षात किती मिळाले ते सूची क्रमांक दोनमध्ये नोंदलेले असते, आणि ती कोणालाही पाहता येते. पहिल्या मालकांनी ती पाहून किंमत ठरवली. दुसऱ्यांनी ऐकीव आकडा धरला. अवाजवी किमतीला अडलेले घर महिनोन्‌महिने पडून राहिले, की नवा ग्राहक किमतीविषयी न विचारता ‘इतके दिवस का गेले नाही?’ असे विचारतो, आणि मग वाजवी किमतीलाही तो बिचकतो.

दक्षिणाभिमुख दार, तिसऱ्या मजल्याचा जिना, मोटारीला जागा नसणे, विसार टाळणारा पितृपंधरवडा, यांचा प्रभाव नाकारण्यात अर्थ नाही. पण ही कारणे सर्वांना उघड दिसतात, म्हणून किमतीत त्यांची तडजोड होऊ शकते. जे उघड दिसत नाही, त्याची मात्र किंमत ठरवता येत नाही, आणि ज्याची किंमत ठरवता येत नाही, त्यापासून शहाणा माणूस दूर राहतो.

म्हणून घर विकू इच्छिणाऱ्या कुटुंबास माझे कळकळीचे सांगणे आहे की, जाहिरात देण्यापूर्वी सर्व वारसांना एका ठिकाणी बसवावे, दस्तऐवज वकिलाकडून तपासून घ्यावेत, ओल झाकण्याऐवजी दुरुस्त करावी आणि आकडा नोंदणीच्या दफ्तरातून घ्यावा. ही कामे कंटाळवाणी आहेत, पण आज ना उद्या ती करावीच लागतात. फरक इतकाच, की आधी केली तर ती आपल्या सवडीने होतात, आणि नंतर केली तर समोरच्या माणसाचा विश्वास उडत असताना करावी लागतात. ग्राहक आपली आयुष्यभराची पुंजी आपल्या स्वाधीन करणार असतो. त्याने विचारण्यापूर्वी त्याच्या शंकांची उत्तरे तयार ठेवणे हे विक्रीचे कौशल्य असेलही, परंतु त्याहीपूर्वी ते विक्रेत्याचे कर्तव्य आहे.