शेंड्यांवरची वाट

एखादी प्राणिजात संकटात आहे असे म्हटले की तिची संख्या किती उरली हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, परंतु जे थोडे प्राणी उरले आहेत त्यांना अन्नापर्यंत, निवाऱ्यापर्यंत आणि एकमेकांपर्यंत पोहोचण्याची वाट शिल्लक आहे काय, हा प्रश्न तितकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असतो. चीनच्या डोंगरांतील महाकाय पांडा हे या गोष्टीचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू हे तिचेच घराजवळचे उदाहरण असून रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात कळंब, कशेळे, खांडस या पट्ट्यातून पूर्वेला सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या माथ्यावरच्या भीमाशंकरच्या अरण्यात त्याची वस्ती आहे.

पांडाच्या दुरवस्थेचा दोष पुष्कळदा पांडाच्याच माथी मारला जातो. मांसाहारी कुळात जन्मलेला हा प्राणी जवळजवळ केवळ बांबूवर जगतो, मांसाहारासाठी घडलेल्या त्याच्या आतड्याला बांबूचा लहानसा अंशच पचवता येतो, म्हणून त्याला दिवसाचा मोठा भाग खाण्यात घालवावा लागतो. शिवाय मादी वर्षातून जेमतेम एक ते तीन दिवस गर्भधारणाक्षम असते आणि जुळी झाली तरी रानात सहसा एकच पिल्लू वाढवते. हे सर्व खरे आहे, पण याच मर्यादांसह ही जात लाखो वर्षे टिकून राहिली, त्यामुळे अलीकडच्या ऱ्हासाचे कारण त्या मर्यादांत शोधणे अपुरे ठरते. बांबूच्या काही जाती कित्येक वर्षांनी एकदाच, आणि मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी, फुलतात व लगेच मरून जातात. पूर्वी अशा वेळी पांडा दुसऱ्या उंचीवरच्या किंवा शेजारच्या खोऱ्यातील निराळ्या जातीच्या बांबूकडे सरकत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यास चीनच्या मिन पर्वतरांगेत असा बांबू फुलून वाळला तेव्हा मात्र खालची खोरी शेती, वस्ती आणि लाकूडतोडीने व्यापलेली होती आणि अनेक पांडा उपासमारीने मेले. दुष्काळ जुनाच होता, त्यातून बाहेर पडण्याचा रस्ता तेवढा बंद झाला होता. २०११ ते २०१४ या काळातील गणनेत रानातील १८६४ पांडांची नोंद झाली, परंतु ते एका जागी नसून सिचुआन, शान्शी व गान्सू या प्रांतांतील ३३ तुटक गटांत विखुरलेले होते आणि त्यांपैकी कित्येक गट इतके लहान होते की त्यांचे भवितव्य शंकास्पदच मानावे लागते.

शेकरूची गोष्ट याच सूत्राने समजून घेता येते. शेकरू ही भारताबाहेर कोठेही न आढळणारी मोठी खार असून तिचे वजन दीड ते दोन किलो भरते आणि झुपकेदार शेपूट अंगाइतकीच किंवा अंगाहूनही लांब असते. कर्नल विल्यम सायक्स याने १८३१ साली दख्खनच्या घाटांतील शेकरूचे शास्त्रीय वर्णन केले व त्याला मुंबईचा माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव दिले. या प्राण्याचे जवळजवळ सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते; तो जमिनीवर क्वचितच उतरतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी वीस फुटांपर्यंत झेप घेतो. काटक्या आणि पाने गुंफून केलेले त्याचे गोल घरटे उंचावरच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात असते, कारण जड शिकारी प्राण्याचे वजन त्या फांद्यांना पेलत नाही. एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे एका झाडावर दिसणाऱ्या घरट्यांवरून प्राण्यांची संख्या ठरवू लागल्यास फसगत होते.

अशा प्राण्याच्या दृष्टीने अरण्य म्हणजे झाडांची बेरीज नव्हे. शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत मिसळून वर जे छत तयार होते, ज्याला वृक्षछत्र म्हणतात, तेच त्याचे घर आणि तीच त्याची वाट. भीमाशंकरच्या माथ्यावरचे सदाहरित रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या वृक्षांचे असून त्यांना गारंबीसारख्या महावेलींनी एकत्र बांधलेले असते. सर्व झाडांना एकाच वेळी फळे येत नाहीत आणि ती सरली की कोवळी पाने, फुले, साल यांवर भागवावे लागते. म्हणजे शेकरूला ऋतूनुसार झाड बदलावे लागते. रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकर आणि कर्नाटकातील मागोद येथे शेकरूच्या आहाराचा अभ्यास करताना फळांच्या टंचाईच्या काळाकडे मुद्दाम लक्ष दिले. टंचाईच्या काळात पुढच्या झाडाची वाट मोकळी असणे म्हणजे काय, हे ध्यानात घेतले की वीस फुटांचे अंतर तीस फूट झाल्याने काय बिघडते ते निराळे सांगावे लागत नाही. माणसाच्या नजरेला ती जागा रानातली एक साधी पायवाट किंवा रस्त्याची रुंदी वाटते. शेकरूला तेथे जमिनीवर उतरावे लागते, आणि जमिनीवर कुत्रे व बिबट्या यांच्यापुढे ते असहाय असते.

ही वाट कशी तुटली याचे उत्तर कोकणच्या बाजूला बरेच जुने आहे. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईची चूल, गिरण्या आणि रेल्वे यांना लाकूड व कोळसा पुरवण्यासाठी घाटपायथ्याची राने वारंवार तुटत गेली, आणि भट्ट्यांवर राबणारे कातकरी त्या व्यापारातले सर्वांत कमी मिळकतीचे लोक होते. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धतही येथे आहे, म्हणजे ऐनासारख्या झाडांची कवळे, म्हणजे पालेदार फांद्या, तोडून, वाळवून शेतात जाळली जातात. त्यात झाड मरत नाही, पण त्याचा पसारा वाढत नाही आणि शेजारच्या झाडाला त्याची फांदी कधी टेकत नाही. तरीही ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी यांना या ऱ्हासाचे मुख्य कारण ठरवणे अन्यायाचे होईल. घाटमाथ्यावरचे काही अत्यंत जुने वृक्ष आज उभे आहेत ते महादेव कोळ्यांच्या देवरायांमुळे, ज्यांत देवाच्या धाकाने कुऱ्हाड चालत नसे, आणि माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील अशा देवरायांची नोंद केली तेव्हा त्यांचे मोल अभ्यासकांच्या लक्षात आले. अलीकडचे घाव वेगळ्या प्रकारचे आहेत. गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनचक्की प्रकल्पामुळे झालेल्या वृक्षतोडीची गंभीर दखल घेतली होती. पवनचक्की उभारण्यास जागा थोडी लागते, परंतु तिचे अजस्र भाग डोंगरावर नेण्यासाठी रुंद रस्ते कापावे लागतात, आणि शेंड्यांवरची वाट तुटते ती अशा रस्त्यांनी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत, म्हणजे जगातील जातींच्या धोक्याची प्रत लावणाऱ्या यादीत, शेकरू सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे, कारण दक्षिणेतील घाटांत आणि मध्य भारतात त्याचा विस्तार मोठा आहे. परंतु हा वर्ग संपूर्ण जातीचा असतो, एका ठिकाणच्या गटाचा नव्हे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे, आणि त्याभोवती उघडे पठार, भातखाचरे व वाढती बांधकामे असल्याने तेथील शेकरू बेटावर राहिल्यासारखे आहे. तेथून ते नाहीसे झाले तर निलगिरीतील शेकरू ती जागा भरून काढण्यास येऊ शकणार नाही.

तुटलेली वाट पुन्हा सांधता येते, हे पांडाबाबत दिसले आहे. चीनने १९९८ पासून नैसर्गिक वनांतील व्यापारी तोड थांबवली, उतारावरची शेती पुन्हा झाडांखाली आणली, तुटलेल्या रानांना जोडणारे पट्टे राखले, आणि २०१६ मध्ये पांडा एका पायरीने वर येऊन लाल यादीत असुरक्षित या वर्गात गणला गेला. तापमानवाढीने येत्या ऐंशी वर्षांत त्याच्या बांबूचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रदेश जाईल, असा इशारा मात्र त्याच मूल्यांकनात आहे. कर्जतच्या बाजूने पाहता अभयारण्याची रेषा डोंगरावर संपते आणि तिच्याखाली खाजगी मालकीचे उतार सुरू होतात, ज्यांवर आता शेतघरांसाठी भूखंड पाडले जात आहेत. तेथे एक जुना आंबा तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपे लावल्याची नोंद कागदावर चोख दिसते. त्या रोपांच्या फांद्या एकमेकींना भिडण्यास कित्येक दशके लागतील, आणि तेवढ्या काळात शेकरूच्या अनेक पिढ्यांना खांडसच्या वरच्या घळींत आज उभ्या असलेल्या जुन्या झाडांवरूनच जावे-यावे लागणार आहे.