वाघाला मारण्याचा हुकूम न्यायालयात कसा तपासला जातो?

जून 2016 ते ऑगस्ट 2018 या काळात यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसं गेल्याचं सांगितलं जात होतं. गुरं चारायला गेलेला माणूस संध्याकाळी परतत नव्हता. कापसाच्या शेतात एकट्यानं जायला कोणी धजत नव्हतं, जागलीही बंद पडल्या. संशय टी-1 या वाघिणीवर होता. वन्यजीवप्रेमी तिला अवनी म्हणत. तिच्यासोबत दोन बछडे होते. सप्टेंबर 2018 मध्ये वन विभागानं हुकूम काढला: आधी बेशुद्ध करून पकडा, ते साधलं नाही तर गोळी घाला. हुकूम नागपूर खंडपीठात गेला आणि तिथून दिल्लीला. हा प्रवास पायरीपायरीनं समजून घेऊ, कारण अशी वेळ विदर्भातल्या कोणत्याही जंगलालगतच्या गावावर पुन्हा येऊ शकते.

पहिली पायरी म्हणजे अधिकार कोणाचा. वन आणि वन्यजीव हे विषय 1976 च्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत आले. मूळ कायदा त्याआधीचा आणि संसदेचा, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972. पण अंमलबजावणी राज्याची. वाघ अनुसूची एकमध्ये असल्यानं त्याच्या शिकारीची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. जिल्हाधिकारी, आमदार किंवा ग्रामसभा यांना तो अधिकार नाही. केंद्राचं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण हुकूम काढत नाही, पण अशा वेळी कसं वागायचं याची कार्यपद्धती ते ठरवून देतं.

दुसरी पायरी कसोटीची. कलम 11 नुसार त्या अधिकाऱ्याची दोन बाबतींत खात्री पटावी लागते. एक, हा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे, किंवा इतका जखमी वा आजारी आहे की बरा होणार नाही. दोन, त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही. दुसरी अट पूर्ण झाल्याशिवाय मारण्याचा हुकूम देता येत नाही. हुकूम लेखी हवा आणि त्यात कारणं हवीत.

खरा वाद या दोन्ही बाबींवरच झडतो. हल्ला याच वाघिणीनं केला कशावरून? त्यासाठी ट्रॅप कॅमेऱ्यातले फोटो, पाऊलखुणा आणि मृताच्या जखमेवरच्या लाळेची डीएनए तपासणी लागते. एकाच जंगलात दुसरा वाघ फिरत असेल तर प्रत्येक घटनेचा पुरावा वेगळा पाहावा लागतो. आणि 'पकडता येत नाही' म्हणायला किती प्रयत्न पुरेसे? टी-1 साठी हत्ती आणले, कॅमेरे लावले, पॅराग्लायडरही उडवला, सुगंधी द्रव्याचं आमिषही दाखवलं. वाघीण हाती लागली नाही. एका बाजूला हे प्रयत्न भरपूर वाटतात, दुसऱ्या बाजूला अपुरे.

तिसरी पायरी न्यायालयाची. यवतमाळ जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो. घटनेच्या अनुच्छेद 226 खाली तिथे रिट याचिका दाखल होते. तिथला निकाल मान्य नसेल तर अनुच्छेद 136 खाली सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागता येते. आपल्याकडे राज्याची आणि केंद्राची न्यायालयं वेगवेगळी नाहीत, एकच शिडी आहे. या शिडीवर न्यायाधीश 'ही वाघीण नरभक्षक आहे का' हे स्वतः ठरवायला बसत नाहीत. अधिकाऱ्यानं कायद्यानं सांगितलेल्या बाबी पाहिल्या का, पुराव्याचा आधार आहे का, मनमानी झाली का, हे ते तपासतात. टी-1 प्रकरणी खंडपीठानं हुकूम कायम ठेवला आणि 11 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेपास नकार दिला. मात्र मारणाऱ्याला बक्षीस देऊ नये, असंही बजावलं.

चौथी पायरी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हुकूम वैध ठरला म्हणजे त्याची अंमलबजावणीही आपोआप वैध ठरते असं नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीनं मारली गेली. ती पथकावर धावून आल्यामुळे स्वसंरक्षणात गोळी झाडली, असं सांगण्यात आलं. इथे वेगळी तरतूद लागू होते: सद्भावनेनं, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी वन्यप्राणी मारणं हा गुन्हा नाही. पण हा बचाव परिस्थितीवरून सिद्ध व्हावा लागतो. प्राधिकरणाच्या समितीनं पुढे कार्यपद्धती मोडल्याचा ठपका ठेवला. 2021 मध्ये एक अवमान याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयानं तेव्हाही मूळ हुकमाच्या वैधतेत पुन्हा शिरायला नकार दिला आणि याचिका मागे घेतली गेली.

या सगळ्याचा धडा गावातल्या पंचनाम्यापाशी येऊन थांबतो. वरच्या कोर्टात वाघीण दिसत नाही, दिसतात ते कागद. मृतदेह हलवण्याआधी फोटो काढले का, जखमेवरचा नमुना घेतला का, ठसा झाकून ठेवला का, घटनेची वेळ आणि जागा नेमकी लिहिली का, यावर पुढचं सगळं उभं राहतं. नमुना उशिरा घेतला, पाऊसपाण्यात धुऊन गेला, तर हल्ला कोणत्या वाघानं केला हे कायमचं संदिग्ध राहतं. मग खरा दोषी वाघ मोकळा फिरू शकतो आणि निर्दोष वाघ मारला जाऊ शकतो. दोन्हींची किंमत गावालाच मोजावी लागते.

म्हणून वनरक्षक आले की गावकऱ्यांनी जागा तुडवू नये, त्यांनी प्रत्येक नमुना घ्यावा असा आग्रह धरावा आणि पंचनामा वाचून मगच सही करावी. माणसाचा जीव आणि वाघाचा जीव यांत निवड करायची वेळ येते तेव्हा कायदा भक्कम कारण मागतो. ते कारण घटनास्थळीच तयार होतं.