'इश वेर्डे...' पुढे काय?

पहिल्या तासाला जर्मनचा वर्ग हटकून हसतो. 'मी' या शब्दाला जर्मन भाषेत 'इश' म्हणतात हे त्याचे कारण. आपल्याकडे 'इश्श' कोण म्हणते आणि कोणाकडे पाहून म्हणते, हे वाचकांना सांगायला नको! चाळिशी उलटलेले एखादे गृहस्थ गंभीर मुद्रेने 'इश, इश' घोकू लागले की मागच्या बाकावरच्या मुलींना हसू आवरत नाही. पण चार-सहा महिने गेले आणि 'वेर्डन' हे क्रियापद समोर आले, की याच 'इश'पुढे वाक्य कसे पुरे करावे या विचारात सगळा वर्ग पडतो. आजचे आमचे सांगणे त्या क्रियापदाविषयी आहे.

पुण्याला ही भाषा नवखी नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत ती कित्येक वर्षे शिकवली जात आहे. आणि ज्या संस्कृत पंडिताने हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नाही, त्या मॅक्स म्युलरच्या नावाचे भवन पुण्यातही आहे आणि मुंबईतही. पूर्वी संस्कृतचे अभ्यासक जर्मन विद्वानांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून ही भाषा शिकत. आता बाकावर इंजिनिअर असतात, परिचारिका असतात, बारावी झालेली मुले असतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. मुंबईची १९६८ पासूनची भगिनी-नगरी श्टुटगार्ट, ती याच राज्याची राजधानी. तेव्हा घरोघरी या भाषेवर दोन-दोन वर्षे आणि बरेच पैसे खर्च होऊ लागले, यात नवल नाही.

आणि नेमक्या याच वेळी घरातले वडील चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "अगं, हा फोन जर भाषांतर करून देतो, तर तू एवढी फी भरून काय शिकते आहेस?"

प्रश्न रास्त आहे. जर्मनीतल्याच कोलोन शहरातल्या एका कंपनीने २०१७ साली 'डीपएल' नावाचे भाषांतर-यंत्र लोकांपुढे ठेवले, आणि ते पुष्कळदा बरे भाषांतर करते. पण आमचे म्हणणे असे, की वडिलांच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देऊ नये. मुलीने तो जर्मनमध्ये मांडून पाहावा. यंत्रे आणि उद्याच्या नोकऱ्या हा विषय आज प्रत्येक घरात जेवणाच्या पानावर निघतो. तोच अभ्यासाला घेतला तर "माझ्या मामाकडे तपकिरी कुत्रा आहे" असली वाक्ये पाठ करायचा कंटाळा तरी वाचेल.

सुरुवात नावापासूनच करा. कृत्रिम बुद्धीला जर्मनमध्ये म्हणतात 'क्युन्स्टलिशं इंटेलिगेन्त्स'. जीभ अडखळते म्हणून सगळे आद्याक्षरांवर भागवतात : 'का ई'. भरभर म्हटले की लहान मूल "का, आई?" विचारत असल्यासारखे वाटते. यातला 'क्युन्स्टलिश' हा शब्द 'कुन्स्ट' म्हणजे कला यापासून निघाला आहे. आणि आपली 'बुद्धी' जशी स्त्रीलिंगी, तशी त्यांची 'इंटेलिगेन्त्स'ही स्त्रीलिंगीच. तीन लिंगे पाहून इंग्रज विद्यार्थी हाय खातो. 'तो दगड, ती माती, ते झाड' म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांना 'देर, दी, दास' यांचे भय कशाला? अर्थात प्रत्येक शब्दाचे लिंग जुळत नाही. 'नोकरी'ला लागणारा 'श्टेलं' स्त्रीलिंगी निघतो, पण पगार म्हणजे 'गेहाल्ट' हा मात्र नपुंसक! याचा कोणी काय अर्थ लावावा तो लावो.

आता आमचे लाडके 'वेर्डन'. त्याचा मूळ अर्थ 'होणे'. "वास विल्स्ट दू वेर्डन?" म्हणजे "तुला कोण व्हायचे आहे?" मुलगी उत्तर देते, "इश वेर्डे यूबरझेट्सरिन." मी भाषांतरकार होणार. उत्तम. आता धाकटा भाऊ खोडसाळपणे तिच्याच वाक्याची नक्कल करतो आणि शेवटचा शब्द तेवढा बदलतो : "इश वेर्डे एर्झेट्स्ट." म्हणजे माझी जागा दुसऱ्या कोणाला दिली जात आहे! पहिले दोन शब्द तेच. तिसरा येईपर्यंत ऐकणाऱ्याला कळत नाही, की पोर नोकरीला लागते आहे की नोकरीवरून उठते आहे. दोन्ही शब्दांच्या पोटात 'झेट्सन', म्हणजे बसवणे, हा एकच धातू आहे. 'यूबर' (टॅक्सीवाल्यांनी डोक्यावरची दोन टिंबे उडवलेला तोच शब्द) लावला की अर्थ एका भाषेच्या तीरावरून दुसऱ्या तीरावर नेऊन बसवायचा. 'एर' लावला की एकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवायचे.

हे असे का होते? कारण कर्मणी प्रयोगही जर्मन माणूस 'वेर्डन'नेच करतो. आपण म्हणतो, पत्रे लिहिली जातात. आपल्याकडे पत्रे 'जातात', त्यांच्याकडे ती 'होतात'. भविष्यकाळही याच क्रियापदाचा. शिवाय अंदाजही त्याचाच. "एर विर्ट वोल क्रांक झाइन" याचा अर्थ "तो आजारी असेल". आपल्या 'असेल'मध्ये तरी दुसरे काय आहे? रूप भविष्याचे, अर्थ तर्काचा. म्हणून 'का ई पुष्कळ नोकऱ्या घेईल' असे जर्मन वाक्य कोणी छातीठोकपणे उच्चारले, तर मुलीने एवढेच विचारावे, की काका, हे भविष्य सांगता आहात की अंदाज?

वाक्याची बांधणीही मराठी माणसाला सोयीची. 'कारण', 'की' असे शब्द आले की जर्मन क्रियापद निमूटपणे वाक्याच्या टोकाला जाऊन बसते, आपल्या क्रियापदासारखे. "इश फेरश्टेए दी माशीनं निश्त", मला यंत्र कळत नाही, यात तर नकारही आपल्यासारखाच अगदी शेवटी.

यंत्राशीच बोलून सराव करावा का? जरूर करावा. रात्री अकरा वाजता कोणत्या बाई शिकवायला बसणार? पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. बर्लिनमध्ये जन्मलेल्या आणि १९३६ साली नाझींमुळे देश सोडाव्या लागलेल्या योझेफ वाइत्सेनबाउम या संशोधकाने अमेरिकेत १९६६ साली 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्राम जगापुढे मांडला. तो फक्त समोरच्याचीच वाक्ये उलटून विचारत असे. पण त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने थोडे बोलताच त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, कारण तिला एकांत हवा होता! वाइत्सेनबाउम एवढे धास्तावले, की उरलेले आयुष्य त्यांनी यंत्रावरच्या आंधळ्या विश्वासाविरुद्ध लिहिण्यात घालवले.

आजचे यंत्र एलायझापेक्षा फार पुढे गेले आहे. पण 'दू' म्हणजे 'तू' आणि 'झी' म्हणजे 'तुम्ही' यांत चूक केली तर ते रागावत नाही. श्टुटगार्टच्या रुग्णालयातल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना पहिल्याच भेटीत 'दू' म्हणून पाहा! जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे 'बी-दोन' ही पायरी लागते, ती याचसाठी. रात्री दोन वाजता कोणाला कुठे दुखते आहे, हे फोन पुढे धरून विचारता येईलही; पण आजीबाईंना आपली कळ त्या फोनला सांगावीशी वाटली पाहिजे ना! शुश्रूषेला त्यांच्याकडे 'प्फ्लेगं' म्हणतात. त्याच्या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : जोपासणे, आणि एखादी गोष्ट करण्याची सवय असणे.

वडिलांना मुलीने काय सांगावे? तिने त्यांनाच जर्मनमध्ये एक प्रश्न विचारायला शिकवावे : "वास विर्ट आउस मिअर?" माझे काय होणार? निवृत्त माणसालाही तो लागू पडतो. मग रोज रात्री पानावर प्रत्येकाने 'इश वेर्डे' म्हणायचे आणि पुढचा शब्द आपला आपण भरायचा. आजीला वाटले तर तिने 'आल्ट', म्हणजे म्हातारी, म्हणावे. 'बी-एक'च्या तोंडी परीक्षेत बहुधा दोन उमेदवारांना समोरासमोर बसवतात, दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो, आणि एकाने विषय मांडला की दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचा असतो. त्या दालनात फोन बाहेर ठेवूनच जावे लागते.