पत्त्याच्या पानाएवढं चित्र

पत्त्याच्या पानाएवढा, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांचा जाड कागद. त्यावर स्वतःच्या हाताने केलेलं काहीही चालतं, मागे नाव आणि तारीख घालायची. अट एकच : कार्ड विकायचं नाही, बदल्यात दुसऱ्याचं घ्यायचं. या ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’ची सुरुवात झुरिकची. तिथले कलावंत एम. व्हान्ची स्टिर्नेमान यांनी १,२०० कार्डं हाताने केली, १९९७ साली त्यांचं प्रदर्शन मांडलं आणि येणाऱ्यांना सांगितलं, कार्ड हवं असेल तर आपलं एक करून आणा. रिकाम्या हाताने आलेल्याला काही मिळणार नव्हतं, आणि खिसा भरून आलेल्यालाही नाही. त्याच वर्षी डॉन मेबी यांनी ही अदलाबदल कॅनडातल्या कॅलगरीत नेली. या अटीमुळेच रबरी शिक्का या कार्डांना इतका सोयीचा ठरला, असं मला वाटतं. चित्र एकच असेल तर ते एकालाच देता येतं. दहा जणांशी देवघेव करायची तर दहा कार्डं हवीत, आणि तीही हातचीच.

इथे पहिला आक्षेप येतो : तयार शिक्का मारला, त्यात कला कसली? टपालातून चित्रं पाठवणाऱ्या कलावंतांनी कचेरीतलं हे मंजूर-नामंजूरचं हत्यार फार आधी आपलंसं केलं होतं, एवढं सांगून भागत नाही. प्रत्यक्ष काम पाहावं. एका झाडाचा शिक्का आहे आणि कार्डावर रान हवंय. पहिलं झाड उमटवायचं. तेच झाड पातळ कागदावर छापून कडेकडेने कापायचं आणि ते कातरण पहिल्या झाडावर बरोब्बर ठेवायचं. आता शिक्का थोडा बाजूला मारला की दुसरं झाड पहिल्याच्या मागे जाऊन उभं राहतं. पुन्हा शाई न लावता तिसऱ्यांदा मारला, तर फिकट छाप येतो आणि ते झाड धुक्यात गेल्यासारखं दिसतं. मंद सुकणाऱ्या शाईवर एम्बॉसिंगची पूड भुरभुरून, जास्तीची झटकून गरम हवा दिली, की पूड वितळून रेष उंच, चकचकीत होते. उष्णता जास्त झाली की कार्डच वाकडं होतं. झाडाचा आकार विकतचा असेल, पण ते कुठे, किती गडद आणि कशाच्या मागे हे कोणी ठरवलं? रांगोळीचा छापा वापरणाऱ्या सगळ्यांचीच अंगणं कुठे सारखी दिसतात! तरीही नुसता एक शिक्का मधोमध मारून मोकळं होणाऱ्यांची कार्डं कंटाळवाणी असतात, हे कबूलच. शिक्के महाग पडतात ही तक्रारही खरी, पण खोडरबर आणि धारदार पातं एवढ्यावर शिक्का होतो. अक्षरं मात्र उलटी कोरावी लागतात.

दुसरा आक्षेप जड आहे. कलावंताने मेहनत फुकट का द्यावी? याच मापाची कार्डं विकणाऱ्यांनी पुढे आपल्या प्रकाराला ‘एसीईओ’ असं वेगळं नाव घेतलं, आणि त्यात गैर काही नाही. पण किंमत लागली की घेणारा आधी नाव पाहतो आणि नवखा माणूस पहिलं कार्ड करायलाच कचरतो. अदलाबदलीत त्याच्या कार्डाला निदान जागा मिळते. बदला नेहमी तोलामोलाचा होतो असंही नाही. दोन तास खपून केलेल्या कार्डाच्या बदल्यात दोन मिनिटांचं हाती येऊ शकतं. समोरासमोर देवघेव असेल तर नको म्हणता येतं. टपालाने असेल, तर आलेलं कार्ड मुकाट्याने नऊ खणांच्या प्लास्टिकच्या पानात सरकवायचं, शेजारच्या आठांबरोबर.