झाडाच्या तेलालाही उतारा असतो



गेल्या महिन्यात लागणीच्या नोंदी घेत फिरत असताना एका सभासदाने खिशातून छापील पत्रक काढून माझ्या हातात दिले. एकरभर चंदन लावा, बारा वर्षांत कोटीचे धनी व्हा, तेल औषधवाल्यांना विका, असा त्यात मजकूर. "साहेब, खोडवा मोडून लावू का?" असा त्यांचा सवाल. असेच विचारणारे आणखी काही जण गट ऑफिसला येऊन गेले, म्हणून हा लेख.

ऊस घालताना आपण दोन गोष्टी आधी बघतो. पक्वता किती आणि उतारा किती. झाडाच्या तेलाचेही गणित तेच आहे.

घाण्याचे तेल आणि वाफेचे तेल

औषधी तेले दोन प्रकारची. एक बी दाबून निघते, ते घाण्याचे तेल. निंबोळीचे आणि करंजाचे तेल या जातीचे. दुसरे वाफेवर काढतात, ते सुगंधी तेल. चंदनाचे आणि निलगिरीचे तेल या जातीचे. (निलगिरी मात्र आपली नव्हे, ऑस्ट्रेलियातून आलेली.) कागदावर एकेक थेंब टाकून बघा. निलगिरीचे तेल उडून जाईल, निंबोळीच्या तेलाचा डाग तसाच राहील.

वाफेची रीत डिस्टिलरी पाहिलेल्या सभासदांना चटकन कळेल. बंद भांड्यात लाकडाची भुकटी भरून खालून वाफ सोडायची. वाफ तेलाला बरोबर घेऊन वर जाते. थंड पाण्यातल्या नळीतून नेली की तिचे पाणी होते आणि तेल पाण्यावर तरंगते. निलगिरीचा पाला काही तासांत तेल सोडतो. चंदनाला दोन-तीन दिवस सारखी वाफ द्यावी लागते. म्हणजे बॉयलर, जळण आणि माणूस यांचा खर्च आलाच.

चंदनाचा हिशोब

चंदनाचे तेल फक्त आतल्या गाभ्यात आणि मुळांत असते. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ते नाही म्हटले तरी चालेल. दहा वर्षांच्या झाडात गाभा नुकता धरू लागतो आणि त्यात तेल शेकडा 1 च्या आसपास. तीस-चाळीस वर्षांच्या झाडात ते शेकडा 4 च्या आसपास जाते. कोवळा ऊस तोडला तर काट्यावर वजन भरते, पण साखर मिळत नाही. इथेही तसेच.

दुसरी गोष्ट, चंदन अर्धे परोपजीवी झाड आहे. स्वतःच्या पानांवर अन्न करते, पण पाणी आणि क्षार शेजारच्या झाडाच्या मुळांतून ओढते. पहिल्या वर्षी शेजारी तूर आणि पुढे करंज किंवा सुरू लागते. मी स्वतः घरच्या बांधावर पाच रोपे एकटी लावली आणि पाणी घालत राहिलो. दोन वर्षांत चार पिवळी पडून गेली. करंजाशेजारचे तेवढे वाचले. दलदल चंदनाला सोसत नाही. दौंडकडच्या कालव्याखालच्या चोपण जमिनीत ते लावूच नये. शिरूरच्या मुरमाड माळावर जमते.

तिसरे, कायदा. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे चंदन तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वाहतुकीला वन खात्याचा पास. सातबाऱ्यावर नोंद नसेल तर स्वतःच्या झाडासाठीही हेलपाटे पडतात. आणि झाड जरा जाड झाले की चोर रात्रीत कापून नेतात, हे आपल्या भागाला नवे नाही.

म्हैसूरचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धाआधी तिथले चंदन लिलावातून जर्मनीला जाई. युद्धाने व्यापार थांबला तेव्हा संस्थानाने 1916 च्या सुमारास स्वतःचा तेल कारखाना काढला. तो चालला, कारण मागे जुन्या झाडांची जंगले होती. उलट ऑस्ट्रेलियात हजारो हेक्टरवर आपलेच चंदन लावणारी मोठी कंपनी 2018 साली कर्जात रुतून प्रशासकाच्या हाती गेली. तिथे कंपनीला झेपले नाही, ते एकट्या शेतकऱ्याला खोडवा मोडून कसे झेपेल?

बांधावर आहे ते आधी गोळा करा

याउलट कडुनिंब आणि करंज आपल्या बांधावर, ओढ्याकाठी उभेच आहेत. वाळलेल्या निंबोळीच्या गरात शेकडा 40 च्या आसपास तेल असते. निंबोळी जून-जुलैत पडते, म्हणजे गळीत हंगाम संपलेला असतो आणि घरच्या माणसांना सवड असते. वरचा गर धुऊन बी सावलीत वाळवा. ओल्या ढिगात बुरशी धरते आणि तेल बाद होते. 2015 पासून देशातला युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच निघतो, म्हणून या तेलाला औषधाशिवायही गिऱ्हाईक आहे. पेंड आपल्याच उसाला.

एक सक्त सूचना. ही तेले वरून लावायची. निंबोळीचे तेल खरूज, उवांवर घरोघरी वापरतात, पण लहान मुलाला पाजू नका. पाजल्याने उलट्या, झटके आणि यकृताचा बिघाड झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. निलगिरी तेल पोटात गेले तरी मुलाला धोका असतो. चुकून घेतले तर घरी उपाय न करता तडक दवाखान्यात न्या.

तेव्हा माझा सल्ला असा:

1. उसाचे रान मोडून चंदन लावू नका. लावायचेच तर निचऱ्याच्या बांधावर, करंजासोबत, पाच-दहा झाडे नातवंडांसाठी लावा.

2. लावले की सातबाऱ्यावर नोंद करा.

3. रोपे विकणाऱ्याला विचारा, कितव्या वर्षी, किती उतारा आणि घेणार कोण? तोंडी नको, लेखी घ्या.

4. निंबोळी आणि करंजाचे बी गट मिळून गोळा करा. पोतेभर मालाला भाव मिळत नाही, ट्रकभर मालाला मिळतो. सहकार आपल्याला हेच शिकवतो.

पत्रक दाखवणाऱ्या त्या सभासदांनी खोडवा राखला आहे. बांधावर सात चंदने आणि सात करंज लावलेत. झाडे जगली की त्यांची हकिगत याच पानावर देईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग