दहा वर्षांचा खलाशी

दोस्तांनो, यवतमाळच्या नकाशात समुद्र शोधू नका, सापडायचा नाही. पण समुद्राशी आपलं नातं जुनं आहे. आपल्याकडचा पाऊस वर्धा आणि पैनगंगेतून प्राणहितेला मिळतो, तिथून गोदावरीत शिरतो आणि थेट पूर्वेच्या समुद्रात पोचतो. आपला कापूस मात्र पश्चिमेला जायचा. शकुंतला रेल्वेने यवतमाळहून मूर्तिजापूर, मग मुंबईचं बंदर आणि पुढे जहाज! आज आपण जहाजावरच्या मुलांकडे जाऊया. ती वयाने तुमच्याएवढीच होती.

काळ अठराव्या शतकाचा. इकडे कान्होजी आंग्र्यांची गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं कोकणचा किनारा राखत होती, तिकडे इंग्लंडच्या गादीवर १७१४ पासून एकापाठोपाठ एक चार जॉर्ज राजे बसले. त्यांच्या राज्यात एखाद्या पोराचे आईबाप वारले किंवा घरात खायला काही उरलं नाही, तर त्याचा भार पॅरिशवर पडे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. तिथले लोक कर भरत आणि त्या पैशातून गरिबांना पोसत. पोसणं महाग पडे. मग गावचे कारभारी त्या पोराला कुणा मालकाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून बांधून टाकत. काहींना शेतावर धाडत, काहींना कापडाच्या गिरणीत आणि काहींना समुद्रावर.

समुद्रासाठी तर खास कायदाच होता, जॉर्ज राजांच्या थोडा आधी, ॲन राणीच्या वेळी झालेला. दहा वर्षांच्या मुलाला जहाजमालकाकडे बांधायचं ते एकविसाव्या वर्षापर्यंत. मोजा बरं, अकरा वर्षं! आणि मुलं किती घ्यायची, हे ठरे जहाजाच्या टनांवरून. तीस ते पन्नास टनांच्या जहाजाला एक मुलगा, पुढच्या पन्नास टनांना आणखी एक, आणि शंभराच्या वर दर शंभर टनांना एकेक. म्हणजे तीनशे टनांचं जहाज असेल तर चार मुलं. नाही म्हणणाऱ्या मालकाला दहा पौंड दंड. कपडे आणि अंथरुणासाठी पॅरिश मुलामागे पन्नास शिलिंग देई, म्हणजे अडीच पौंड. दंड त्याच्या चौपट, त्यामुळे मालक मुकाट्याने मुलगा घेई. या सगळ्या हिशोबात टन आहेत, पौंड आहेत, शिलिंग आहेत, पण ‘बाळा, तुला समुद्रावर जायचंय का?’ हा प्रश्न कुठेच नाही. मला या कायद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. कितीतरी मुलं पळून जात, आणि त्यांना शोधून काढण्यासाठी वर्तमानपत्रात जाहिराती छापल्या जात.

त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडातला कापूस बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर, गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. तांड्यात मुलंही असत. काम त्यांनाही होतंच, पण आईबाप सोबत चालत असत. पुसद-दिग्रसकडच्या मित्रांनो, तुमच्या आजीला हे नक्की विचारा.

आता जहाजावरची शिकाऊ मुलं काय शिकत, ते ऐका. दोर ओढणं, गाठी मारणं, शिडावर चढणं तर होतंच. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते खोली मोजायच्या दोरीचं. समुद्राचा तळ दिसत नाही, मग जहाज खडकावर आपटू नये म्हणून काय करायचं? दोरीच्या टोकाला तीन-चार किलोंचं शिसं बांधून पाण्यात सोडायचं. मोजमाप फॅदममध्ये, म्हणजे आपली वाव: दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी, साधारण सहा फूट. दोरीवर खुणा बांधलेल्या असत: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन. पाचावर पांढरं सुती कापड, सातावर लाल लोकरीचं, दहावर भोक पाडलेलं चामडं. वेगवेगळ्या वस्तू कशासाठी, सांगा? अमावस्येच्या रात्री, वादळात, कंदीलही विझलेला असताना नुसत्या स्पर्शाने कळायला हवं की पाणी किती खोल आहे!

अजून पुढे आहे. त्या शिशाच्या बुडाला एक खळगा असे, त्यात चरबी भरत. शिसं तळाला टेकलं की चरबीला तिथली वाळू, चिखल नाहीतर शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई. तो बघून जाणता खलाशी सांगे, आपण अमुक किनाऱ्याजवळ आलो. तळाला खडक असेल तर शिसं रिकामंच वर येई.

प्रसिद्ध इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक असाच शिकला. तो पॅरिशचा मुलगा नव्हता, पण शेतमजुराचा होता. १७४६ मध्ये तो व्हिटबी गावच्या जॉन वॉकर यांच्या कोळशाच्या जहाजांवर शिकाऊ म्हणून लागला, गणित आणि खगोल शिकला, आणि पुढे शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून जाताना बघायला थेट ताहिती बेटावर गेला. मालक चांगला मिळाला तर असंही होई.

आपल्या देशातही असा कायदा आला, १८५० मध्ये. अनाथ आणि गरीब मुलांना, दहा वर्षांच्या पुढे आणि अठराच्या आत, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी शिकाऊ म्हणून बांधता येई. मुलगा असेल तर जहाजमालकाकडे, खलाशाचं काम शिकायलासुद्धा. हा कायदा गेला १९६१ मध्ये, नवा शिकाऊ उमेदवार कायदा आला तेव्हा. आता किमान वय चौदा आहे आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. आयटीआयमधून कारखान्यात जाणारे तुमचे दादा-ताई याच कायद्याखाली शिकतात. जहाजावर तर सोळाच्या आत कुणालाच कामाला ठेवता येत नाही. तसा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला.

करून बघा: एका दोरीला वीत-वीत अंतरावर सुती चिंधी, लोकर, रबर, भोक पाडलेला पुठ्ठा बांधा. टोकाला लहानसा दगड बांधून त्याच्या बुडाला मऊ मेण फासा. बादलीच्या तळाशी मित्राला वाळू, माती किंवा खडे घालायला सांगा. तुम्ही डोळे बांधून दगड सोडा. विहिरीवर जायचं नाही हं, बादलीच हवी! पाणी किती वीत आहे ते बोटांनी ओळखा, आणि तळाशी काय आहे ते मेणाला हात लावून सांगा.